मुंबईला कोणता सूर?

"जळगाव म्हणालात की चाळीसगाव?"

मी खिडकीच्या जाळीला तोंड लावून जवळजवळ ओरडलेच. धुळ्याच्या एस.टी. स्टँडवरची ती कंट्रोलरची खोली. आत टेबलावर माइक, आणि माइकमागे एक सावळा, कुरळ्या केसांचा माणूस बशीत चहा ओतत होता.

"जळगाव म्हणालो," तो शांतपणे म्हणाला.

"मग मी चाळीसगावच्या गाडीत कशी बसले?"

"ते मी कसं सांगू? बसलात तुम्ही."

अस्सा राग आला मला! गावाबाहेर कंडक्टरने तिकिटाचं विचारलं तेव्हा कुठे घोटाळा कळला होता. त्याने घंटी वाजवून मला रस्त्यात उतरवलं, आणि मी कापसाच्या बैलगाड्यांची धूळ खात स्टँडपर्यंत पायी परत आले होते.

"तुमची पहिली अक्षरं तोंडातच राहतात," मी म्हटलं. "भोंग्यातून नुसतं 'गाव' बाहेर पडतं. मालेगाव, जळगाव, चाळीसगाव... सगळी एकाच सुरात! आणि तोही उतरलेला."

"कोणता?"

"काय कोणता?"

"सूर."

"कोमल निषाद. तोसुद्धा धड नाही."

त्याने बशी खाली ठेवली. माझ्याकडे नीट पाहिलं. डोळे हसरे होते, हे माझ्या तेव्हाच लक्षात आलं. पण मी रागात होते, म्हणून ते मी मनावर घेतलं नाही.

"मग शिकवा ना," तो म्हणाला.

आता मला काय, शिकवायचंच होतं. पण धुळ्याच्या स्टँडवर नव्हे, थेट मॉरिशसला!

मी हेमलता भंगाळे. राहणार जळगाव, वडिलांच्या, म्हणजे नानांच्या, केळीच्या बागा यावलकडे. एकाहत्तर साल नुकतंच सुरू झालं होतं. बी.ए. झालं होतं, गाण्याची विशारद झाली होती, आणि माझं घरात चित्त लागत नव्हतं. उभी राहिले की बसावंसं वाटे, बसले की उठावंसं. आई म्हणे, हिच्या पायांना भिंगरी आहे. त्यात धुळ्याच्या माझ्या गुरुजींना, टेंभेकरबुवांना, मॉरिशसच्या मराठी मंडळींनी विचारलं. त्यांचे पणजोबा उसाच्या मळ्यांवर मजुरीला गेले ते तिकडचेच झाले. पोरांना आरत्या पाठ, पण चाली विसरत चाललेल्या. कुणी वर्षभर येऊन शिकवील का? पगार नाही, राहणं-जेवणं आमच्या घरी. बुवांचे गुडघे दुखत होते. त्यांनी माझं नाव सुचवलं, आणि मी नानांनी घास गिळायच्या आत 'हो' म्हणून टाकलं.

नाना आठवडाभर बोलले नाहीत. मग म्हणाले, "एक वरीस. जास्त नाही." एक वरीस तर एक वरीस! तेव्हापासून मी दर शनिवारी धुळ्याला गल्ली नंबर चारमध्ये बुवांकडे जात होते. तिकडच्या मुलांसाठी साध्या चाली बसवत होते.

पुढच्या शनिवारी स्टँडवर पाऊल टाकलं आणि भोंगा बोलला—

"ज...ळगाव!"

सा. अगदी खर्जातला, रेड्याने घसा साफ करावा तसा, पण सा! मला रस्त्यातच हसू फुटलं. खिडकीशी गेले तर हा वाटच बघत असल्यासारखा.

"बरोबर?"

"पास होण्यापुरतं."

"मालेगावला कोणता देऊ?"

"गंधार द्या. आणि चाळीसगावला पंचम."

मग आमचं हे सुरूच झालं. त्याचं नाव अभिमन बोरसे. प्रवाशांना त्या सुरांचं काय कळत होतं कोण जाणे, पण एका म्हाताऱ्याने त्याला विचारलं म्हणे, "मास्तर, आजकाल गाडीसनं कीर्तन करतस का?" अभिमनने हे मला सांगितलं तेव्हा आम्ही रसाच्या गुऱ्हाळावर उभे होतो. मला हसताना ठसका लागला आणि त्याचा हात माझ्या पाठीपर्यंत येऊन मध्येच थांबला. तो थांबलेला हात मला जळगावपर्यंत पुरला.

"आणि मुंबईला?" त्याने विचारलं. "मुंबईला कोणता सूर?"

मी ग्लास खाली ठेवला. मुंबईहून माझी बोट सुटणार होती.

"ते नंतर सांगीन," मी म्हटलं. रस मग गोडच लागला नाही.

एका शनिवारी बुवांना ताप होता. अभिमन म्हणाला, "आमच्याकडे चला. आईने वांग्याचं भरीत केलंय." देवपुरात त्यांचं दोन खोल्यांचं घर. झुंबरबाई, त्याची आई, ठेंगणी, नऊवारीतली, बोलायला फटकळ. मला पाटावर बसवलं, ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी वाढली, वर तेलाची धार. "बठ्ठं खाई ले पोरी," म्हणाल्या. सगळं संपवायचं, असं बोटाने दाखवलं आणि मग मुलाकडे वळल्या. "आनि तू रे? दिनभर लोकेसले 'जा, जा' सांगस. हाई काय काम शे?"

"अगं आई, गाड्या जातात, तर 'जाणारी गाडी' म्हणू नको तर काय म्हणू?"

त्यांना ते पटलं नाही. डोक्यावर पदर घेतला, पिशवी उचलली, आणि दारातून माझ्याकडे बघून मान हलवत म्हणाल्या, "येस!"

मी घास हातात धरून बघतच राहिले.

"तुमच्या आईंना इंग्रजी येतं?"

अभिमनला आधी कळेना. मग कळलं, आणि तो इतका हसला, इतका हसला की भिंतीला टेकून बसावं लागलं त्याला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आमच्या यावलकडची बोली वेगळी. ही धुळ्याची अहिराणी मला कुठली यायला!

"येस म्हणजे 'येते'," तो डोळे पुसत म्हणाला. "बाजारात गेली ती. 'जास' म्हणायचं नाही घरातून निघताना. तुम्हीही 'येते'च म्हणता ना?"

"म्हणतो. पण आम्ही म्हणताना मडमेसारख्या माना नाही हलवत!"

"हेमा," तो म्हणाला. पहिल्यांदाच. मी भाकरीचा तुकडा उगाचच मोडत बसले.

निघायचे दिवस जवळ आले तशी माझी तगमग वाढली. ट्रंक भरायची, उपसायची. मला जायचं होतं. अगदी मनापासून जायचं होतं! आणि भीती एकच होती. अभिमन 'जाऊ नकोस' म्हणाला तर मी राहीन, हे मला पक्कं ठाऊक होतं. राहिले, तर त्याला ते आयुष्यभर ऐकवीन, हेही ठाऊक होतं.

शेवटच्या शनिवारी तो खोलीतून बाहेर आला. जळगावची गाडी लागली होती. मी पायरीवर एक पाय ठेवून उभी.

"एक विचारायचंय," तो म्हणाला.

"जाऊ नको म्हणणार असशील तर विचारू नकोस." माझा आवाज कापला. विशारद झालेल्या बाईचा आवाज!

"वेडी आहेस का? दिवसभर लोकांना गाडीत बसवतो मी. तुला कशाला उतरवू?" तो थांबला. शर्टाचं बटण पिळत राहिला. "पण परत येशील तेव्हा... माझ्याकडे उतरशील? कायमची?"

कंडक्टरने घंटी मारली.

"एका शब्दात सांग," तो म्हणाला. "हो किंवा नाही."

"सांगते..." एवढंच म्हणाले, आणि गाडीत चढले. पारोळा आलं, एरंडोल आलं, डोक्यात तेच घोळत होतं. नाना काय म्हणतील? आम्ही भंगाळे, ते बोरसे. जातीबाहेर मुलगी द्यायची गोष्ट आमच्या घरात कुणी हळू आवाजातसुद्धा काढली नव्हती. आणि वर्षभराने मी तरी हीच असेन का?

उत्तर मिळालं ते तानपुऱ्याशी. मॉरिशसच्या मुलांचा पहिला धडा घोकत बसले होते. सा, ग, प. साधे तीन सूर, कुणालाही जमतील असे. डोळे मिटले, सूर लावले, आणि ऐकते तर काय! मी गात होते, जळगाव, मालेगाव, चाळीसगाव. आई स्वयंपाकघरातून म्हणाली, "हे कोणतं गाणं गं?" मी खो-खो हसले आणि मग रडलेही. जिथे जाईन तिथे हा माणूस माझ्या गळ्यात बसून येणार होता. मग त्याला 'नाही' कुठल्या तोंडाने म्हणायचं?

"जळगावातून सरळ रेल्वे असताना हा धुळ्याचा फेरा कायले?" मला बोटीवर पोचवायला निघालेले नाना कुरकुरले.

"बुवांच्या पाया पडायचंय, नाना."

खोटं नव्हतं. बुवांच्या पाया पडलेच. पण नंतर स्टँडवर आलो तेव्हा माझे पाय जमिनीवर ठरत नव्हते. मुंबईची गाडी लागलेली, ट्रंक टपावर चढलेली. झुंबरबाई दशम्यांचं गाठोडं घेऊन आल्या होत्या. अभिमन त्यांच्या मागे उभा. शेजारी नाना, काठी टेकून. मला बोलायला जागाच नव्हती.

मी वाकून झुंबरबाईंच्या पाया पडले. त्यांनी माझे गाल कुस्करले. "लवकर ये वं माय."

मग मी अभिमनकडे वळले. तो माझ्याकडे बघत नव्हता, माझ्या चपलांकडे बघत होता.

"येस," मी म्हटलं.

त्याने झटकन वर पाहिलं. नाना समाधानाने मान डोलावत होते. पोरगी दुसऱ्यांच्या बोलीत निरोप घेते, केवढी रीतभात!

"ही..." अभिमनला धाप लागली होती. "ही अहिराणी की इंग्रजी?"

"दोन्ही."

तो तसाच उभा राहिला. कान लाल झाले. मग एकदम वळून धावत सुटला, खोलीकडे. झुंबरबाईंनी एकदा त्याच्या पाठीकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे, आणि पदर तोंडाला लावला. त्यांना कळलं होतं.

मी खिडकीशी बसले. ड्रायव्हरने गाडी सुरू केली. आणि तेव्हा मला आठवलं, मुंबईचा सूर सांगायचा राहूनच गेला होता!

भोंगा खरखरला.

"नाशिकमार्गे मुंबईला... जाऊन येणारी गाडी सुटत आहे! मुंबई...ला जाऊन येणारी!"

सगळा स्टँड हसला. गाडी जाऊन परत येणार नाही तर काय तिकडेच राहणार? पण त्याने 'मुंबई'वर आवाज टाकला होता तो वरच्या सा-वर. तोच सा, जळगावचाच, फक्त एक सप्तक वर. कुणी न सांगता लावलेला, अगदी नेमका.

"मले तं हा येडा दिसतो," नाना खिडकीबाहेर बघत म्हणाले. "कोन हाये हा?"

नाशिक यायच्या आत नानांना सगळं सांगायचं, हे मी मनाशी ठरवूनच गाडीत बसले होते. ते चिडतील, गप्प बसतील, कदाचित इगतपुरीपर्यंत बोलणार नाहीत. पण गाडी आता सुटली होती, आणि सुरुवात त्यांनीच करून दिली होती.

"येडाच आहे, नाना," मी त्यांचा हात हातात घेत म्हटलं. "पण आज सुरात आहे."