हळदीचं बोट

"अहो, थांबा! भिंतीतून कुठं चाललात?"

चारुलता ओरडली तसा समोरचा माणूस जागीच थबकला. दोन्ही हातांत आमटीचं भलंमोठं पातेलं, डोक्याला पंचा. त्यानं डावीकडं पाहिलं, उजवीकडं पाहिलं. पलूसच्या त्या मोकळ्या रानात भिंत म्हणावी अशी एकच गोष्ट होती — त्याच्या पायाखालची पांढऱ्या फक्कीची रेघ.

"चुकलं म्याडम," तो गंभीरपणे म्हणाला. "दार कुठशी हाय?"

"तिकडं. पिंपाजवळ."

आणि खरंच, तो अख्खा वळसा घालून गेला, पायताणं रेघेबाहेर काढली आणि 'दारातून' आत आला. चारुलतेला हसू आवरेना.

घर होतं सयाजीबापूंचं. बापू सैन्यातून सुभेदार होऊन आलेले. आता पोरगा सैन्यात लांब सरहद्दीवर, लेक जर्मनीत. मागे उरले बापू आणि विजयमालाकाकू. दोघांनाही एकच नाद, माणसं बोलवायची आणि पोटभर जेवू घालायची. सांगलीच्या विश्रामबागेत ऑफिस असलेल्या आर्किटेक्ट चारुलतेनं त्यांच्यासाठी घर आखलं, झाडायला सोपं, आटोपशीर. जमिनीवर रेघा मारून झाल्या आणि बापूंनी फर्मान काढलं, "आधी ह्यात पंगत बसवून बघू. मग पाया!"

चाळीस माणसं आली. दिवाणखान्यात बारा मावली. एका पाहुण्याला जागा मिळाली ती न्हाणीघरात. कुणी आत येऊ नये म्हणून तो बिचारा दर घासाला खाकरत होता. खोटं वाटत असेल तर पलूसला जाऊन विचारा. बाकीची पंगत भिंती ओलांडून थेट उसापर्यंत गेली.

"मी दोघांचं घर काढलं होतं..." चारुलता ओशाळून म्हणाली.

"आगं पोरी," काकू हसल्या, "आमी दोघं झोपताना. जेवताना आमी कवाच दोघं नसतो."

मग मघाचा पातेलंवाला आचारी पुढे आला. विश्वजित, औंधचा. बापूंच्या घरची प्रत्येक पंगत त्याचीच. नकाशावर वाकला आणि बोट टेकवलं, "भट्टी हितं पायजे. मागच्या अंगणात. धूर उसात, आन् वाढपी थेट सोप्यात."

बोट उचललं तर कागदावर पिवळाधमक ठसा!

"नकाशा खराब केलात."

"खराब? आत्ता कुठं वास आला त्याला."

चारुलतेनं नवा नकाशा काढला. जुना फेकून द्यायला हवा होता... तो ऑफिसच्या टेबलाच्या खणात गेला. संध्याकाळी सगळे गेले की ती खण उघडायची. हळद, जरासा धूर, धणे... मग पटकन खण बंद. कुणी पाहिलं तर काय सांगायचं?

काम सुरू झालं आणि भट्टीसमोरची स्वयंपाकघराची खिडकी हिंडायला लागली.

"खिडकी सहा इंच वर घेऊ का?" चारुलता फोनवर विचारी.

"फोनवर कसं सांगू? बघाया लागंल."

मग ती सांगलीहून यायची, तो औंधहून मोटारसायकल हाणत यायचा. दोघं खिडकीसमोर उभी राहायची. बोलणं इंचांचं, नजरा भलतीकडंच. पुढच्या आठवड्यात तोच म्हणायचा, "म्याडम, खिडकी लय वर झाली वाटतं..."

"ह्या खिडकीनं जेवढा प्रवास केला," बापू गवंड्याला म्हणाले, "तेवढा म्या तीस वर्सांच्या नोकरीत केला न्हाई."

पण घर काही जन्मभर बांधता येत नाही. खिडकी एकदाची बसली, रंग झाला, वास्तुशांतीचा दिवस ठरला. त्याच सुमारास चारुलतेला बंगळुरूहून पत्र आलं — मोठी कंपनी, वर्षभराचं काम. वास्तुशांतीनंतरच्या सोमवारी हजर व्हायचं. तिनं ते मुद्दाम विश्वजितसमोरच काकूंना सांगितलं. तो कांदा चिरत होता. चिरतच राहिला.

वास्तुशांतीला दोनशे पानं उठली. खपली गव्हाची खीर, वांग्याची भाजी, आमटी-भात. लोक म्हणतात, त्या खिरीच्या वासानं किर्लोस्करवाडी स्टेशनावर उतरणारे प्रवासी इकडंच वळले. दिवस कलला, मांडव रिकामा झाला. नेहमीसारखी शेवटी आचाऱ्याची पाळी आली. विश्वजितनं पान घेतलं. तो नेहमी उभ्यानंच जेवायचा, भट्टीला टेकून. इतक्या पंगतींत हे एकट्या चारुलतेनंच पाहिलं होतं.

तो भट्टीच्या अंगणात आला आणि थबकला. भिंतीला लागून दगडी कट्टा, दिवसभर पातेल्यांखाली झाकला गेलेला. त्यावर चारुलता बसलेली, समोर कोरं पान.

"तुमी जेवला न्हाई?"

"आचारी जेवल्याशिवाय नाही."

"ह्यो कट्टा... नकाशात नव्हता."

तिनं पर्स उघडून जुना, घडीचा कागद पसरला. पिवळ्या ठशाला लागूनच पेन्सिलीनं काढलेली एक बारीक चौकट.

"ह्या नकाशात पहिल्यापासून आहे. दोनशे माणसांना बसायला जागा केली मी. वाढणाऱ्याला नको?"

त्यानं त्या ठशावर बोट टेकवून पाहिलं. मग कट्ट्यावर वीत टाकून माप घेतलं.

"माप चुकलं म्याडम. एकट्याला मोठा हाय... दोघांना बारका."

"चुकलं नाही," ती खाली बघत म्हणाली.

उसात वारा शिरला. आत बापू जर्मनीच्या लेकीला फोनवर खिडकी दाखवत होते.

"सोमवारी जाणार?"

"जाणार. वर्षाचं काम आहे. पण तुम्ही एकदा तरी... थांब म्हणालात?"

"मोठ्या कामाला निघालेल्या माणसाला थांब कसं म्हणू? आमा आचाऱ्यास्नी येकच म्हणता येतं —"

"काय?"

"जेवून जा."

चारुलता सरकली. पण त्या कट्ट्यावर सरकून सरकून किती सरकणार! तो बसला, तिच्या पानात खीर वाढली.

"आन् वर्सानं," तो हळूच म्हणाला, "जेवायलाच ये."

वर्षभर त्या घरात पंगतीमागून पंगती उठल्या. कितीही दाटी झाली तरी काकू त्या कट्ट्यावर कुणाला बसू देत नव्हत्या. आणि आचारी, सगळी जेवून गेली की, पान घेऊन त्यावर बसायचा... एका कडेला सरकून.