फाटकापाशी थांबणाऱ्या बोटी

पत्नी नलिनीबाई वारल्याचं कळलं, तेव्हा दिगंबर खटावकर टेबलाखाली पालथे पडून संगणकाच्या पाठीशी झगडत होते. कळफलकाचा सोडला, तर कामाचे यूएसबी पोर्ट (तार खोचायची चपटी तोंडं) दोनच उरले होते. बाकीचे गंजले होते. नलिनीबाई बहिणीकडे कोल्हापूरला जाताना बजावून गेल्या होत्या, "मी येईपर्यंत खेळाचे चार कंट्रोलर लागतील असं करून ठेवा. आल्यावर सगळे मिळून फाटक उघडू."

फोन तात्याने घेतला. तात्या म्हणजे घरचा यंत्रमानव. नलिनीबाईंनी त्याला आपल्या फार बोलणाऱ्या काकांचं नाव दिलं होतं. त्या दिवशी मात्र तो थोडकंच बोलला. "आजोबा, बाहेर या. आधी खुर्चीत बसा."

दिवस झाले, पाहुणे पांगले. नात वेदांगी तेवढी मागे राहिली होती, आणि तिलाही संध्याकाळच्या गाडीने पुण्याला जायचं होतं.

"फाटक उघडल्याशिवाय मी जाणार नाही," ती म्हणाली.

"शाळा तुझ्यासाठी थांबणार आहे का?"

"मग तुम्ही लवकर करा ना."

फाटक होतं नलिनीबाईंच्या खेळात. टपाल खात्यातून निवृत्त झाल्यावर त्यांनी स्वतः शिकून तो खेळ तयार केला होता. एक नदी, चार बोटी आणि पुढे लोखंडी फाटक. चारही बोटींनी एकदम दोर ओढला, तरच ते उघडणार. फाटकापलीकडे काय आहे, हे त्यांनी कुणालाच सांगितलं नव्हतं. आता २०६१ साली लोक हवेत बोटं हलवून खेळत होते, पण नलिनीबाईंना हातात धरून बटणं दाबायचे, तारेचे जुने कंट्रोलरच हवे असत. दोर ओढताना हातात थरथर जाणवली पाहिजे, असं त्यांचं म्हणणं.

दिगंबररावांनी जुन्या बाजारातून हब (एका पोर्टमधून अनेक तोंडं काढणारी डबी) आणला होता. संगणकाच्या एका पोर्टात पहिला कंट्रोलर लागला, दुसऱ्यात हब आणि हबमध्ये बाकीचे तीन. पहिल्या बोटीवर शेजारच्या तांबोळी काकू बसल्या. उरलेल्या तीन आजोबा, वेदांगी आणि तात्याकडे आल्या.

नदीत बोटी झकास चालल्या. फाटकापाशी आल्या, चौघांनी दोर ओढला, कंट्रोलर थरथरले आणि तीन बोटी जागच्या जागी थांबल्या.

"माझी चालू आहे बरं," तांबोळी काकू म्हणाल्या.

"ठाऊक आहे," दिगंबरराव म्हणाले.

तारा काढून पुन्हा खोचल्या. पुन्हा नदी, पुन्हा फाटक, पुन्हा तेच. हबमधल्या तारांची अदलाबदल केली. तेच. संगणक बंद करून चालू केला. तेच.

"माझी अजून चालू आहे."

"काकू, तुम्ही आता एक शब्द बोलू नका." दिगंबररावांनी संगणकाच्या डोक्यावर थाप मारली.

"मारल्याने पोर्ट वाढत नाहीत," तात्या म्हणाला.

"तुला कुणी विचारलं?"

वेदांगी मात्र विचारात पडली होती. "तात्या, नदीत चालतात आणि फाटकापाशीच का थांबतात?"

"फाटकापाशी नवीन काय होतं?"

"कंट्रोलर थरथरतात."

"का थरथरतात?"

तात्याने एक कंट्रोलर उघडून दाखवला. आत बोटाच्या पेराएवढी मोटार होती आणि तिच्या दांड्याला एका बाजूला झुकलेलं वजन. "हे वाकडं वजन गरगर फिरलं की हात हलतो. मोटार फिरवायला वीज लागते. ती कुठून येते?"

"तारेतून. म्हणजे हबमधून."

"आणि हबला?"

"संगणकाच्या पोर्टातून." ती थांबली. "एकाच पोर्टातून."

"बरोबर. हबने तोंडं वाढतात, वीज वाढत नाही. कुठलं बटण दाबलं हा निरोप चिमुकला असतो. तसले तीन काय, तीस निरोपही त्या तारेतून आरामात जातात. विजेचं तसं नाही. आपल्या पोर्टातून पाच वाटे वीज मिळते असं समज. थरथरणारा कंट्रोलर दीड वाटा घेतो."

वेदांगीने बोटांवर हिशेब केला. "तिघांचे साडेचार. मग अर्धा वाटा उरतो की. तरी बोटी का थांबतात?"

तात्याचे डोळे टेबलाच्या कोपऱ्याकडे वळले. तिथे नलिनीबाईंचा फोटो होता आणि फोटोपुढे छोटी विजेची समई. तिची तार दिगंबररावांनी हबच्या चौथ्या तोंडात खोचली होती. दोर ओढताना ती लुकलुकली होती, हे वेदांगीला आता आठवलं.

"समई एक वाटा घेते," तात्या हळू आवाजात म्हणाला. "साडेपाच होतात. वीज पुरत नाही, तेव्हा हब सगळ्यांनाच सोडून देतो. दोन मिनिटं समई काढली तर..."

"समई निघणार नाही."

"दिवस तर झाले, भाऊ," तांबोळी काकू म्हणाल्या. "दोन मिनिटांनी काय होतंय?"

"निघणार नाही म्हटलं ना."

वेदांगीने हब हातात घेऊन उलटासुलटा केला. "नको काढायला. हबलाच वेगळी वीज देता येणार नाही का? संगणकाकडे मागायचीच कशाला?"

"येते की," तात्या म्हणाला. "काही हबना बाजूला गोल भोक असतं. त्यात ॲडॉप्टर (भिंतीतली वीज सौम्य करून देणारा ठोकळा) लावतात. मग निरोप संगणकाकडे जातात आणि वीज भिंतीतून येते. ह्याला भोक दिसत नाही."

दिगंबरराव खाकरले. "होतं. मुंग्या जातील म्हणून मी त्यात मेणबत्तीचं मेण भरलं."

तांबोळी काकूंनी कपाळाला हात लावला.

वेदांगीने पिनेने मेण कोरून काढलं. दिगंबररावांनी कपाटातून जुने ॲडॉप्टर आणले आणि पहिला हाताला लागला तो लावायला निघाले. तात्याने त्यांचा हात धरला. "बारा व्होल्टचा आहे. व्होल्ट म्हणजे विजेचा रेटा. हबला पाचाचा रेटा सोसतो, बाराने तो जळेल."

"मग आधी सांगायचं."

"आधी तुम्ही बोलू देत नव्हता."

पाच व्होल्टचा सापडला. तात्याने त्याचं टोक भोकात बसतं का आणि त्यातून पुरेशी वीज मिळते का, हेही तपासलं. मग चौघं पुन्हा बसले. नदी सरली, फाटक आलं.

"ओढा," वेदांगी म्हणाली.

चार कंट्रोलर थरथरले. समई स्थिर राहिली. फाटक करकरत वर गेलं आणि चारही बोटी पलीकडे शिरल्या.

पलीकडे पाणी होतं आणि एक काठ. त्याच्यापुढे पडदा कोरा होता.

"बिघडलं की काय?" काकूंनी विचारलं.

"नाही," तात्या म्हणाला. "आजींनी इथपर्यंतच केलं होतं."

दिगंबरराव बराच वेळ त्या काठाकडे बघत बसले. मग खुर्ची ओढून वेदांगीजवळ सरकले. "हे असलं शिकायला किती दिवस लागतात?"

"आजीला दोन वर्षं लागली."

"माझं डोकं तिच्याएवढं चालत नाही."

"मी दर रविवारी पुण्याहून शिकवीन. तात्या मध्येमध्ये बोलेल, तेवढं सोसा. आधी घाट करू, बोटी लावायला."

"आणि घाटाला पायऱ्या," दिगंबरराव म्हणाले. "तिचे गुडघे दुखायचे. उंच नकोत."

वेदांगी गाडीत बसली, तेव्हा काठावर एकही पायरी नव्हती. घाट, घरं, झाडं, माणसं, सगळंच करायचं राहिलं होतं.