चोवीस तारखेची बाटली

"चोरी नाही, मारामारी नाही. मग माझ्याकडे कशाला आलात?" केसरबाई सोनवणेंनी विचारलं.

इंदूने पिशवीतून ओल्या फडक्यात गुंडाळलेली काचेची छोटी बाटली काढून टेबलावर ठेवली. खालच्या वर्कशॉपात लेथ चालू होता, त्यामुळे टेबलावर बाटली थरथरत होती.

"हे माझं दूध आहे," ती खालच्या आवाजात म्हणाली. "यात कुणीतरी काहीतरी मिसळतंय."

स्टुलावर बसलेले त्यांचे मदतनीस रंगराव ताडकन उठले आणि खिडकीतून भोसरीची रहदारी न्याहाळू लागले. बावीस वर्षं कंपनीच्या गेटवर वॉचमन होते. भल्याभल्यांच्या डब्यातून पितळेचे तुकडे काढलेला माणूस. पण हा माल वेगळा होता.

केसरबाई मात्र जराही गडबडल्या नाहीत. कंपनीच्या इन्स्पेक्शन खात्यात जन्म गेलेला. आता निवृत्तीनंतर लोकांच्या चौकशा करत. "सगळं सांगा. बारीकसारीकही."

इंदू बी.एस्सी. झालेली. मीटरच्या कारखान्यात पहिल्या पाळीला होती, पुढच्या महिन्यात पर्मनंट होणार होती. मुलगी कस्तुरा पाच महिन्यांची. सकाळी पाजून निघायचं, साडेतीनला सुटायचं. मधल्या वेळेसाठी आदल्या दिवशी दूध काढून दोन बाटल्या भरायच्या. घरात फ्रीज नव्हता, म्हणून त्या खालच्या मजल्यावरच्या सावित्रीबाईंकडे ठेवायच्या. सकाळी दहाला आणि दुपारी एकला सासूबाई तिथून एकेक आणून पाजत.

"आणि मधूनच पोरीचं पोट बिघडतं. डॉक्टर विचारतात, दुधात काय गेलं? सासूबाई म्हणतात, नोकरी सोड. मिस्टर म्हणतात, महिनाअखेर राजीनामा दे. लिहून ठेवलाय मी." तिने बाटली जवळ ओढली. "आज पुन्हा झालं. दहाच्या बाटलीनंतर. म्हणून सासूबाईंनी एकची दिलीच नाही. तीच ही."

"कोणकोणत्या तारखांना?"

इंदूने वही उघडली. तापमान, शी, झोप, सगळं तारखेवार. "अकरा एप्रिल, अठरा, आणि आज पंचवीस."

"सात-सात दिवसांचं अंतर," केसरबाई म्हणाल्या.

इंदू वहीकडे बघतच राहिली. तारखा लिहिल्या होत्या, वार लिहिला नव्हता. तिन्ही शुक्रवार!

"करणी!" रंगराव खिडकीतूनच म्हणाले.

"राव, करणी कॅलेंडर बघून होत नाही." केसरबाईंनी बाटली उचलली. खळीने चिकटवलेल्या तारखेच्या चिठ्ठीवर 'चोवीस' हा शब्द जेमतेम लागत होता. शाई ओघळून खाली निळा डाग पडला होता. "फडक्याने झालं का हे?"

"नाही. सावित्रीबाईंकडून आणली तेव्हापासूनच असं आहे."

"बाकीच्या बाटल्यांवर?"

"स्वच्छ असतं अक्षर."

इंदूच्या काळेवाडीच्या खोलीत तिच्या सासूबाईंनी, तानुबाईंनी, पाहुण्यांना आपादमस्तक पाहिलं. मांडीवर कस्तुरा मलूल पडली होती.

"आता दुधाचीबी चौकशी? आमी काय इख घालतो व्हय नातीला?"

"तसं नाही, आजी. बाटली कशी देता तेवढं दाखवा."

म्हातारीने पातेलं दाखवलं. "यात कोमट पानी. त्यात बाटली धरायची. उकळायची न्हाई, सूनबाईनं बजावलंय. उरलं तर मोरीत. एकदा कोमट केल्यालं परत ठेवायचं न्हाई."

"आणि बाळगुटी?" इंदूने न राहवून विचारलं.

"पाडव्याला एक डाव दिली, तर आठ दिस बोलली न्हाईस! पुन्हा कशाला देतीया?" मग केसरबाईंकडे वळून, "पर दूध फाटल्यालं असतं बघा. वर साय, खाली पानी."

"सापडलं!" रंगराव म्हणाले.

"रोज असतं असं?"

"रोज."

"बाटली हळू फिरवली की?"

"एकजीव व्हतं."

"मग फाटलेलं नाही. फाटलेलं दूध पुन्हा एकजीव होत नाही, राव. आईच्या दुधाला साय वर येतेच." केसरबाईंनी इंदूकडे पाहिलं. "दूध काढायचा पंप?"

"रबरी फुग्याचा. रोज उकळते, बाटल्यांसकट."

"रोज?"

"रोज."

खालच्या मजल्यावर सावित्रीबाई दारातच होत्या. लग्नाला दहा वर्षं झाली, मूल नव्हतं. चाळीत कुजबुज व्हायची, आणि इंदू ती ऐकून न ऐकल्यासारखं करायची. आज मात्र तिला त्यांच्या नजरेला नजर देववेना.

त्यांचा फ्रीज क्रोशाच्या रुमालाखाली नवरीसारखा नटलेला. केसरबाईंनी दार उघडलं. आत आरशासारखं लखलखीत.

"आमच्या साहेबांच्या फ्रीजात बर्फाचा डोंगर असायचा," रंगराव म्हणाले. "वरच्या बर्फाच्या कप्प्याचं झाकणच उघडायचं नाही."

"माझ्याकडे बोटभरही साचू देत नाही मी!" सावित्रीबाई फुलल्या.

"इंदुताईंच्या बाटल्यांना कोण हात लावतं?"

"कुणी नाही. दुसऱ्याच्या लेकराचं दूध ते. मी जागची हलवतसुद्धा नाही, देवाशपथ."

"त्या कधी आणतात बाटल्या?"

"रोज दिवेलागणीला. गुरुवारी कंपन्यांना सुट्टी, तेव्हा सकाळी आठलाच."

"आणि तुमचं दूध? या उन्हात नासत नाही?"

"नासेल कसं? चहाच्या वेळी पुन्हा उकळी आणते ना."

केसरबाईंची नजर गॅलरीत गेली. दोरीवर दोन मोठी गोणपाटं वाळत होती. त्या हसल्या. "चला सगळे वर. गुन्हेगार सापडला."

खोलीत सगळे दाटीवाटीने बसले.

"पंप रोजचा, आजींचा हात रोजचा, साय रोजची," केसरबाई म्हणाल्या. "यातलं काही चुकलं असतं, तर पोर रोज आजारी पडली असती. फक्त शुक्रवारी बिघडतं. म्हणजे वेगळेपण गुरुवारच्या दुधात शोधायचं. गुरुवारी इंदुताई घरी, म्हणून बाटल्या सकाळी जातात. बाकी दिवशी संध्याकाळी. बरोबर?"

"मग काय झालं? फ्रीजमध्येच तर असतात!" इंदू म्हणाली.

"चालू फ्रीजमध्ये नव्हे. सावित्रीबाई, गुरुवारी तुमचे मिस्टर घरी असतात, सगळ्या चाळीची साफसफाई असते. तेव्हा फ्रीजचं काय करता?"

"बंद करते. नऊला. बर्फ वितळला की गोणपाटाने टिपून, पुसून, चारला चालू…" सावित्रीबाई थांबल्या. हात तोंडाशी गेला.

"दार उघडं. वरून बर्फाचं पाणी ठिबकतंय, खाली बाटल्या. चिठ्ठीची शाई त्यानेच ओघळली. तुम्ही आपलं सामान बाहेर काढलंत, दूध उकळून घेतलंत. परक्या लेकराच्या दुधाला मात्र भक्तिभावाने हात लावला नाहीत. एप्रिलच्या उन्हात ते सात तास तसंच. शुक्रवारी पुन्हा गारेगार, कुणाला कळणार? उकळलेल्या दुधाची सवय आपल्या हाडात मुरलेली. पण हे दूध उकळायचं नसतं, म्हणून त्याचा गारवा एकदाही मोडता कामा नये."

रंगरावांनी कपाळावर हात मारला. "म्हणजे गुन्हेगार स्वच्छता!"

सावित्रीबाई रडू लागल्या. इंदूला स्वतःचीच लाज वाटली. ती उठली आणि कस्तुराला उचलून त्यांच्या मांडीवर ठेवलं. "माझंही चुकलं, वहिनी. मी नको ते मनात आणलं."

"पुढच्या गुरुवारी बाटल्या संध्याकाळी आण," सावित्रीबाई डोळे पुसत म्हणाल्या. "तोवर फ्रीज गार झालेला असेल. मी हात घालून बघेन."

पुढच्या शुक्रवारी पाळी सुटल्यावर इंदू जवळजवळ धावतच घरी आली. कस्तुरा चादरीवर पालथी पडून पाय झाडत होती, ओरडत होती, गुलाबी, भुकेली. वहीत त्या दिवशी तिने तारखेआधी वार लिहिला.

तानुबाईंच्या हातात कात्री होती. पुढ्यात टेबलाच्या खणातला तो कागद. त्याच्या पट्ट्या कापून झाल्या होत्या.

"आत्याबाई! तो माझा राजीनामा!"

"ठाव हाय. माज्या लेकाला, ज्ञानदेवाला इचारलं म्या, म्हनला फाड. पर कागद जाड हाय, फाडून का टाकायचा?" म्हातारीने खळीची वाटी पुढे सरकवली. "मागची बाजू कोरी हाय. चिठ्ठ्यांना व्हईल. घाल आजची तारीख."