दुधाची गाठ

बाळंतिणीला तेल लावता लावता सरोजचा हात लेकीच्या काखेपाशी थबकला...

"संचिता, ही गाठ कधीपासून गं?"

संचिताने काख चाचपून पाहिली. डोंबिवलीचं माहेर, पाळण्यात दहा दिवसांची लेक, आणि काखेत लिंबाएवढी दुखरी गाठ! तासाभरात मायलेकी रिक्षाने सोनोग्राफी सेंटरवर पोचल्या. संचिता आत गेली. तान्हीला मांडीवर घेऊन सरोज दाराबाहेर बसली.

"दुधाचीच गाठ आहे," मशीन फिरवत डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "काहीजणींच्या काखेतही दूध तयार करणारा भाग असतो, बाळंतपणात तो फुगतो. आपोआप उतरेल."

संचिताने बाहेर येऊन हे सांगताच सरोज आधी ढसाढसा रडली, मग डोळे पुसत नातीला म्हणाली, "चंगळ आहे बाई तुझी, काखेतसुद्धा डबा भरून ठेवलाय आईनं!"

दोघी पोट धरून हसल्या. मायलेकींचं ते शेवटचं मोकळं हसणं...

सवा महिना सरला, संचिता कल्याणला सासरी गेली. पावसाळ्यानंतर सरोजचा डावा हात सुजला. पुन्हा सोनोग्राफी, मग मॅमोग्राफी, मग सुईने काढलेला काखेतल्या गाठीचा तुकडा. कॅन्सर स्तनातून काखेत आणि तिथून यकृतापर्यंत पोचला होता.

"गाठ कधी लक्षात आली?" डॉक्टरांनी विचारलं.

सरोज खाली मान घालून म्हणाली, "हिच्या बाळंतपणाच्या आधी."

"म्हणजे त्या दिवशी तू दाराबाहेर बसली होतीस तेव्हाही?" संचिता किंचाळली. "आत यायचंस ना आई! दोन पावलांवर मशीन होतं!"

"ओली बाळंतीण तू... धसका घेतला असतास, तर दूध आटलं असतं गं."

त्यानंतर संचिता रोज यायची, आईचं सगळं करायची. पण बोलणं औषधापुरतंच. आत नुसता निखारा! या बाईने आपल्याला न विचारता केवढं हे ओझं आपल्यावर टाकलं...

एका दुपारी सरोजचा श्वास जड झाला होता. तरी क्षीण आवाजात तिने विचारलं,

"छकुली... पोटभर पिते ना गं?"

आणि संचिताचा सारा राग गळून पडला. तिने आईचा सुजलेला हात गालाशी धरला.

"दूध आटलं असतं, तर पावडरचं पाजलं असतं गं तिला... पण मी आई कुठून आणू? मला तू हवी होतीस, आई... मला तू हवी आहेस!"