मागं कुणी न्हाय

छत्तीस सालच्या चैत्रात बारामतीच्या एका तालमीने सुपे ते बारामती अशी दहा कोसांची एका दिवसाची पायी फेरी काढली. धावायचं नाही, नुसतं चालायचं. कुंडलिक मास्तरांनी सगळ्यांच्या शेवटी चालायचं काम मागून घेतलं. वाटेत पाण्याचे माठ होते. शेवटच्या माणसाने ‘मागं कुणी न्हाय’ असं सांगायचं, मग माठावरच्या बाईने माठ पालथा करायचा. बायको कौसल्या गेल्यापासून मास्तरांना कुणाच्या पुढे चालवत नसे, हे मात्र ते कुणाला बोलले नाहीत.

कौसल्या त्यांच्या मागे दहा पावलांवर चालायची. त्या काळी बायका तशाच चालत, आणि मास्तर कधी वळून बघत नसत. “अवं, जरा सावकाश,” एवढंच ती म्हणायची. दोन वर्षांपूर्वी याच रस्त्यावर भर उन्हात दोघांचं बिनसलं. मास्तर तरातरा पुढे निघाले. कऱ्हाटीला बैलगाडी मिळाली. गाडीवान गेणबाने विचारलं, “मागं कुणी हाय का?” रागाच्या भरात मास्तर म्हणाले, “न्हाय.” गाडी निघाली. संध्याकाळी कौसल्या एका बाभळीखाली सापडली. ऊन लागून गेली होती.

आज कऱ्हाटीच्या माठावर बनाबाई होती.

“मागं कुणी?”

“न्हाय.”

बनाबाईने माठाला हात घातला आणि ती थांबली. मास्तरांच्या खांद्यावरून माळाकडे बघत राहिली.

“असं काय मास्तर... बाईमाणूस हाय की मागं. लई दमल्याली दिसतीय.”

मास्तर वळले. माळ मोकळा होता. बनाबाईने माठ तसाच ठेवला.

तिथून पुढे जोडव्यांचा आवाज येऊ लागला. खडीवर, खट... खट... बरोबर दहा पावलांवर. वारा पडला होता. करपलेल्या गवताचा वास नाकात बसला होता. मास्तर थांबले की आवाज थांबे. भीती वाटत होती, खोटं कशाला सांगायचं. पण त्याहून जास्त बरं वाटत होतं. दोन वर्षांत त्यांच्या सोबतीने कुणी चाललं नव्हतं.

बारामतीच्या वेशीवर पोचेस्तोवर दिवस कलला. बाकीचे केव्हाच घरी गेले होते. शेवटच्या माठापाशी गोजरबाई बसली होती आणि फेरीचे कारभारी सर्जेराव उभे होते.

“या मास्तर. मागं कुणी?”

या खेपेला चुकायचं नव्हतं.

“हाय,” ते म्हणाले. “येतीय... माठ राहू द्या.”

जोडवी जवळ आली. त्यांच्या अगदी शेजारी थांबली. मग पुढे गेली. वेशीत न शिरता ती डावीकडच्या माळवाटेला लागली, आणि तीही तरातरा. मास्तर मागे धावले.

“अगं... जरा सावकाश.”

आवाज दहा पावलं पुढेच राहिला. धाप लागून ते थांबले, तरी तो थांबेना.

ते अजून वेशीपासून हाकेच्या अंतरावर होते. पाठीमागे गोजरबाईने काहीतरी विचारल्याचं त्यांना ऐकू आलं. मग सर्जेरावांचा शांत आवाज आला.

“न्हाय. मागं कुणी न्हाय.”

आणि माठ पालथा झाला.