सहावा व्हिसा

तो आमच्या व्हिसा एजन्सीच्या काउंटरवर आला तेव्हा त्याच्या व्हिसाचा एकोणतिसावा दिवस होता, आणि आमच्या बेटावरच्या सानूर गावात असा पाऊस कोसळत होता की समोरचं स्कूटरचं दुकानसुद्धा दिसत नव्हतं. पासपोर्ट त्याने प्लास्टिकच्या पिशवीत घालून शर्टाच्या आत धरून आणला होता. स्वतः मात्र नखशिखान्त भिजला होता. हे बघून मला जरा बरं वाटलं. आठ वर्षं मी युरोपातून येणाऱ्या लोकांचे व्हिसा करते. बहुतेकांच्या बाबतीत माणूस कोरडा असतो आणि पासपोर्ट भिजलेला.

खुर्चीत बसला. मान तिरकी करून छताकडे बघत राहिला.

"काय झालं?" मी विचारलं.

"तुमचा पंखा आणि तो फ्रिज... दोघांचा सूर जवळजवळ एकच आहे. पण जुळत नाहीये." त्याने दात दुखल्यासारखा चेहरा केला. "तुम्हाला त्रास नाही होत, इबू?"

"मला त्रास होतो तो एकोणतिसाव्या दिवशी उगवणाऱ्या लोकांचा. आणि इबू, म्हणजे आई, म्हणू नका. तेवढं वय झालं नाही अजून."

"मग काय म्हणू?"

"म्बोक म्हणा. म्हणजे ताई."

आतल्या टेबलावरून आमच्या मालकीण विराती मॅडम खोकल्या. त्यांचा खोकला मी चांगला ओळखते, त्यात कफ नसतो.

नाव रादिम, देश चेक प्रजासत्ताक, वय चौतीस, लग्न झालेलं नाही. हे सगळं मी फॉर्मसाठी विचारलं. व्यवसायाच्या रकान्यात त्याने लिहिलं, पियानो सुरात लावणे.

भिंतीवरच्या फलकाकडे बोट दाखवून मी नेहमीचं पाठांतर सुरू केलं. "पहिला, विमानतळावर उतरल्यावर मिळतो तो. तीस दिवस, एकदाच वाढतो, आणखी तीस. दुसरा आधी काढून यायचा, साठ दिवसांचा. तिसरा नोकरीचा, त्याला कंपनी लागते. चौथा निवृत्तांचा, त्याला साठी लागते. पाचवा, बँकेत गडगंज आहे त्यांचा."

"गडगंज नाही. साठीला वेळ आहे."

"मग पहिलाच वाढवू. पण एक लक्षात ठेवा, या व्हिसावर काम करायचं नाही. फुकटसुद्धा नाही."

त्याचा चेहरा पडला. "माझ्या हॉटेलात एक पियानो आहे. दमट हवेने पार वाट लागलीय त्याची. रोज येता-जाता हात शिवशिवतात हो."

"हात खिशात ठेवा," मी म्हटलं. "मागच्या महिन्यात एकाने मित्राच्या भिंतीवर चित्र काढलं. तो आता बर्लिनमध्ये चित्रं काढतोय."

दोन दिवसांनी तो परत आला. पावती हरवली म्हणाला. पावती त्याच्या वरच्या खिशातून डोकावत होती. मी ती दाखवली, तर कानापर्यंत लाल झाला आणि केळीच्या पानातले लाकलाक, म्हणजे तांदळाचे छोटे घावन, काउंटरवर ठेवून पळाला. गरम होते, गूळ नुकताच ओतलेला. मी अर्धे खाल्ले आणि अर्धे विराती मॅडमना दिले.

"ताई म्हणायला लावलंस त्याला," मॅडम तोंड पुसत म्हणाल्या. "हुशारच आहेस. आता भावासारखा रोज खाऊ आणेल."

आणि खरंच आणायला लागला. तिसऱ्या की चौथ्या वेळी जाता जाता दारात थांबला.

"म्बोक, त्या फलकावर सहा ओळी आहेत. तुम्ही मला पाचच सांगितल्या."

"सहावा बायकोच्या हमीवर मिळतो," मी फायलीत डोकं घालून म्हटलं. "आमच्याकडे फक्त कागद मिळतात. बायको नाही."

सहावी ओळ मी कुणालाच वाचून दाखवत नाही. वाचली की काउंटरपलीकडचे डोळे मिचकावतात. महिन्याला निदान तिघं तरी मला मागणी घालतात, एकाने तर पासपोर्टचे फोटो चिकटवता चिकटवता घातली होती. पहिली काही वर्षं मी हसायचे. नंतर हसूही येईनासं झालं.

मुदतवाढीसाठी फोटो आणि बोटांचे ठसे द्यायला त्याला इमिग्रेशन ऑफिसात नेलं, त्या दिवशी आम्ही दोन तास एकाच बाकावर बसलो होतो. त्याच्या हातांकडे मी तेव्हा पहिल्यांदा नीट बघितलं. बोटं लांब, नखं अगदी बारीक कापलेली. ठसे घेणाऱ्या बाईसुद्धा म्हणाल्या, किती छान उमटतात!

"तुझे वडील काय करतात?" त्याने विचारलं. आम्ही अरे-तुरेवर कधी आलो ते मला सांगता येणार नाही, पण त्या बाकावर आलेलोच होतो.

"बापा आमच्या गमेलन वाद्यांच्या पट्ट्या सुरात लावतात. काशाच्या."

तो एकदम सरळ बसला. "म्हणजे माझाच धंदा! आणि हे तू मला आज सांगतेस?"

"तू विचारलंस आज."

"मग ते शिकणार कोण त्यांच्याकडून? तुझा भाऊ?"

भाऊ नाही, मी म्हटलं. मग बाकीचंही सांगून टाकलं, कारण रांग लांब होती. आमच्याकडे लग्न झालं की मुलगी नवऱ्याच्या घरची, त्यांचे पूर्वज ते तिचे पूर्वज. थोरली बहीण तशी गेली. आमच्या घरच्या देवळात फुलं वाहायला आता मीच उरले होते. मीही गेले तर बापांच्या मागे ते देऊळ बंद. म्हणून माझा नवरा आमच्या घरी यायला हवा होता, घरजावई म्हणून. आमच्या ताबानानकडे तशी रीत आहे. सगळे म्हणतात छान रीत आहे, पण स्वतःचा मुलगा द्यायला कुणी तयार नसतं.

"तिघं येऊन गेले. कॉफी प्यायले आणि गेले. एकाची आई म्हणाली, माझा मुलगा काय नवरी आहे?"

"मूर्ख लोक."

"मूर्ख कसले? त्यांच्याही घरी देऊळ आहेच की."

 मग म्हणाला, "रविवारी येऊ का? पट्ट्या बघायला."

पट्ट्या बघायला, म्हणे!

रविवारी बापांनी त्याला अंगणात मांडलेल्या पट्ट्या वाजवून दाखवल्या, कॉफी दिली आणि ओढ्यावर आंघोळीला गेले. मी आत भाताचं बघत होते. बाहेरून कानस घासल्याचा आवाज आला, तेव्हा मला वाटलं, बापा लवकर आले. बाहेर येऊन बघते तर रादिम मांडी ठोकून बसलेला, हातात बापांची कानस, आणि तोंडावर पुण्याचं काम केल्याचं समाधान.

"अगं, या दोन पट्ट्यांमध्ये फरक होता," तो हळूच म्हणाला. "जोडी आहे ना ही? एक खाली होती. वडिलांचे कान... वय झालं की होतं असं. मी जुळवून ठेवलंय. त्यांना सांगू नकोस."

मी कपाळावर हात मारला. तेवढ्यात बापा ओल्या केसांनी आलेच. त्यांनी लहान हातोडी उचलली, एक पट्टी वाजवली, मग दुसरी, मग दोन्ही एकदम. सूर अगदी एक झाला होता, काचेसारखा सपाट.

"मेला," बापा म्हणाले.

"कोण?" रादिम घाबरला.

"सूर. अरे, या मुद्दाम थोड्या वेगळ्या ठेवायच्या असतात. एक आत ओढते, दुसरी घुमते. दोघींमध्ये जरासं अंतर असलं की मग आवाज थरथरतो, चालू लागतो. एकच करायचं तर दोन कशाला घडवल्या असत्या?" मग बापा त्याच्याकडे रोखून बघत म्हणाले, "माझे कान गेले असं वाटलं ना तुला?"

रादिमचं तोंड इतकं पडलं की मला त्याची दया आली. तीन दिवसांचं काम त्याने एका आंघोळीत घालवलं होतं. बापांनी मात्र कानस पुन्हा त्याच्यापुढे धरली. "बिघडवलंस, आता दुरुस्त कर."

मी ती मधल्यामध्ये हिसकावून घेतली. "त्याला परवानगी नाही. हे काम आहे."

"माझ्या अंगणात कुठलं आलंय इमिग्रेशन?"

"मी आहे ना."

शेवटी तोडगा असा निघाला की बापांनी घासायचं आणि रादिमने नुसतं ऐकायचं. ऐकायला व्हिसा लागत नाही. डोळे मिटून तो बसायचा, थरथर बरोबर जमली की बोट वर करायचा. सलग तीन रविवार तो ऐकायला आला. तिसऱ्या रविवारी त्याचं बोट वर गेलं ते खाली आलंच नाही. डोळे उघडे होते आणि तो माझ्याकडे बघत होता. मी परडीतल्या फुलांमध्ये मुंडी खुपसली. बापांनी तीच पट्टी उगाच आणखी दोनदा वाजवली.

मला तो आवडत होता. आडपडदा कशाला ठेवू? स्कूटरवरून कामाला जाताना मी मनात त्याच्याशी बोलायचे, सिग्नलला थांबून हसायचे. तो विचारेल अशी मी वाट बघत होते.

त्याने विचारलं सत्तावन्नाव्या दिवशी. काउंटरवर.

"रस्मिनी... तीन दिवस उरलेत. मी विचार केला. मला... मला सहावा हवाय."

विराती मॅडम उठून आत चहा करायला गेल्या. मी त्याचा पासपोर्ट उघडून तारीख बघितली, माझी पाठ असलेली.

"महिन्याला तिघं विचारतात मला हे," मी म्हटलं. मी पासपोर्ट फटकन मिटला. "सगळ्यांची मुदत संपत आलेली असते. तू मला विचारतोयस की त्या ओळीला, हे मी कसं ओळखू?"

"मी तुला..."

"असशील. पण मला आयुष्यभर शंका येत राहील. आणि तुला माझ्या घरी यायचंय, माझ्या बापांच्या देवळात. तिथे मला शंका नको."

तो वाद घालेल असं वाटलं होतं. त्याने घातला नाही. पंख्याकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"बरोबर आहे तुझं," म्हणाला आणि गेला. साठाव्या दिवशी विमानाने देशाबाहेर. मी त्याच्या फायलीवर 'बंद' असा शिक्का मारला आणि बाथरूममध्ये जाऊन रडले. मग तोंड धुऊन दोन डच जोडप्यांचे फॉर्म भरले.

पाच महिने गेले. आणखी एक मुलगा येऊन कॉफी पिऊन गेला. बापांना नवीन खोड लागली होती. संध्याकाळी मोबाइल पट्ट्यांसमोर टेकवून ठेवायचे, हातोडीने ठोकायचे आणि फोनला विचारायचे, "आता?" कोण आहे विचारलं तर म्हणायचे, गिऱ्हाईक. मला वाटलं, शेजारच्या लोम्बोक बेटावरचं कुणी असेल.

मग एका मंगळवारी, लख्ख उन्हात, तो दारात उभा राहिला. शर्ट कोरडा, इस्त्रीचा.

मी उठलेच नाही. तोंडातून सवयीने निघालं, "पासपोर्ट."

त्याने दिला. मी पानं उलटली. नोकरीचा व्हिसा, एक वर्षाचा, पुढे वाढणारा. हॉटेलं चालवणारी एक कंपनी हमीदार. मी दोनदा वाचला. सगळं चोख होतं.

"अकरा पियानो आहेत त्यांच्याकडे," तो म्हणाला. "दमट हवेत अकरा पियानो म्हणजे जन्माचं काम."

"कुणी करून दिला?"

"देनपासारमधल्या एका एजंटने."

"दुसऱ्या एजंटने?" माझं डोकंच फिरलं. "आठ वर्षं मी इथे काय पापड लाटतेय?"

"तुझ्याकडून केला असता तर तुला आधीच कळलं असतं ना!" तो पुढे झुकला. "रस्मिनी, आता मला तुझ्याकडून कुठलाही कागद नकोय. पुढच्या जुलैपर्यंत मला कुणी हलवू शकत नाही. नाही म्हणालीस तरी मी इथेच असेन, रोज पियानो लावेन, कदाचित लाकलाकही आणेन. मग आता विचारू?"

"बापांना विचारलंस?"

"त्यांना महिन्यापूर्वीच विचारलं. फोनवर. तुमच्या देवळात यायला मी तयार आहे, तेही सांगितलं. माझ्या आईलाही सांगितलं, ती दोन दिवस रडली आणि तिसऱ्या दिवशी लाकलाकची कृती विचारायला लागली, मुलाच्या सासरी काय नेतात म्हणून. बापा म्हणाले, मला मुलगा हवाच आहे, पण आधी तिला विचार."

म्हणजे गिऱ्हाईक हे होतं तर!

आतून खोकला आला. मी उठले, दारावरची पाटी 'बंद'कडे फिरवली आणि येऊन त्याच्या बाजूच्या खुर्चीत बसले, गिऱ्हाइकाच्या. आठ वर्षांत तिथे मी कधी बसले नव्हते. तिथून पंखा आणि फ्रिज खरंच ऐकू येत होते, दोघं आपापल्या सुरात, मध्ये ती बारीक थरथर.

"अजून जुळलेले नाहीत," मी म्हटलं. "दुरुस्त करशील? आता परवानगी आहे तुला."

"नको," तो म्हणाला. "जिवंत आहेत."

मग त्याने विचारलं, आणि मी हो म्हटलं.