पाहुणे येईपर्यंत भाजी तोडू नये

झारीचं पाणी मेथीवर पडायचं, ते पडलं सुमतीच्या नव्याकोऱ्या साडीवर!

“काहून जी, डोळे कुठं आहेत तुमचे?”

“तुमच्याकडंच होते... म्हणून तं झालं,” चंद्रभान बोलून गेला, आणि स्वतःच कानापर्यंत लाल झाला.

नागपुरातल्या त्या लहानशा शाळेत सुमती दुसरीला शिकवायची. धरमपेठेतलं एक महिला मंडळ आणि एका तेलगिरणीवाल्या शेठचा ट्रस्ट, दोघांनी मिळून शाळेला भाजीबाग करून दिली होती. पोरांनी पालक-गाजर खावं, अंगात रक्त भरावं, हा हेतू. बाग सांभाळायला चंद्रभान होता, कच्च्या नोकरीवर.

मग काय, मधल्या सुट्टीत सुमतीला रोज बागेतच काम निघू लागलं.

“बाई, गाजरं मोजून राहिल्या का?”

“नाही. माळी काम करते का झोपते, ते पाहून राहिली.”

“मंग... कसा वाटला माळी?”

“बरा आहे,” ती म्हणाली, आणि दिवसभर फळ्यावर चुकीचं लिहीत राहिली.

तिचे वडील वामनराव, हातमागावर जन्म गेलेला माणूस. त्यांनी स्वच्छ सांगून टाकलं, “पोरगा पसंत हाये. नोकरी पक्की झाली का लगन.” आणि ट्रस्टवाले म्हणत, शेठना आणि मंडळाच्या अध्यक्षीणबाईंना बाग पाहून जाऊ द्या, मग नोकरी पक्की. तोवर एक पान तोडायचं नाही. वाफे भरलेले दिसले पाहिजेत, फोटो काढायचे होते ना!

पाहुणे काही येईनात. एकदा शेठ मुंबईला गेले, एकदा अध्यक्षीणबाईंच्या घरी लग्न निघालं. हिवाळा सरत आला, पालक निबर होऊ लागला. पोरं कुंपणाला नाक लावून बघायची आणि कोरडी भाकर खायची. आग लागो त्या फोटोंना, सुमतीला वाटायचं. पण तिचं सगळं सुख त्याच फोटोंवर अडलं होतं.

एका सकाळी दुसरीतल्या रुखमाची आई, जनाबाई, रडतच शाळेत आली. पोरीला दिवेलागणीला दिसेनासं व्हायचं. काल ती विहिरीच्या काठावरून आत पडता पडता वाचली होती. “दवाखान्यात म्हनते हिरवा पाला द्या, गाजर द्या. आमी कुठून आनावं, बाई? तुमच्या बागेतलं मूठभर द्या नं!”

त्याच सकाळी निरोप आला होता, पाहुणे आता होळीनंतर.

चंद्रभान विळा घेऊन वाफ्याशी उभा होता. “तुम्ही सांगा,” तो म्हणाला. “तोडलं तं नोकरी गेली. अन् नोकरी गेली तं...”

पुढचं त्याच्यानं बोलवेना. सुमतीला ओरडून सांगावंसं वाटलं, थांबा, होळीपर्यंत थांबा, माझ्यासाठी थांबा! ओठावर आलं होतं हो ते. पण जनाबाई फाटकाशी पदर पसरून उभी होती. सुमतीनं पदर खोचला आणि खाली बसून पहिलं गाजर उपटलं.

त्या दुपारी शाळेभर पालकाच्या भाजीचा वास सुटला. चंद्रभान पोरांच्या पंगतीत शेवटी बसला. तिनं त्याच्या ताटलीत भाजी वाढली.

“अजून वाढा नं,” तो हळूच म्हणाला. “पुन्हा कुठं भेटनार तुमच्या हातचं?”

कुणी तरी कळवलंच. दुसऱ्याच दिवशी त्याला काढलं आणि बागेला कुलूप लागलं. वामनरावांनी त्याला पाणी विचारलं, बसवलं, आणि हात जोडून नाही म्हटलं.

मौद्याला आपल्या गावी जाण्याआधी तो शाळेच्या फाटकाशी आला. “तू ‘थांबा’ म्हटलं असतं तं मी थांबलो असतो,” तो म्हणाला. पहिल्यांदाच ‘तू’ म्हणाला. “पन मंग तुयाकडं पहायची हिंमत झाली नसती, सुमती. खूप जीव जडला गं तुयावर.”

“माझाही,” ती म्हणाली. “आता सांगून काय उपयोग... पण माझाही.”

त्याची सायकल वळणावर दिसेनाशी झाली. सुमती वर्गात आली, तेव्हा पोरं ताटल्या घेऊन बसलेली होती.

“बाई,” रुखमानं विचारलं, “आज भाजी नाई का?”

“आज नाही.”

“मंग उद्या?”

सुमतीनं फळ्याकडे तोंड फिरवलं आणि पुसलेला फळा पुन्हा पुसू लागली.